तीच खोली, दोन दर: परदेशी साइटवर बुकिंग करताना फरक कसा मोजावा आणि तक्रार कुठे टिकते

जुलै २०१५ मध्ये पॅरिसजवळच्या डिस्नेलँडचे दर युरोपीय आयोगाच्या चौकशीत सापडले. एकाच प्रीमियम पॅकेजला फ्रेंच ग्राहक १,३४६ युरो, ब्रिटिश ग्राहक १,८७० आणि जर्मन ग्राहक २,४४७ युरो मोजतो, असे आकडे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले होते. सवलती देशोदेशीच्या शाळांच्या सुट्ट्या आणि बुकिंगचा हंगाम बघून ठरतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. आयोगाला मुख्यतः खटकत होतं ते निराळंच. जर्मन माणसाने फ्रेंच साइटवरचा दर घ्यायचं म्हटलं तरी त्याला तो घेता येत नव्हता. पुढच्या वर्षी कंपनीने बुकिंगची पद्धत बदलायचं कबूल केलं.

परदेशी साइटवरून सहल बुक करणाऱ्याने हा भेद आधी डोक्यात पक्का करावा. वेगळा दर लावणं बहुतेक देशांत गुन्हा नाही. एका गटाला दुसऱ्याचा दर घेण्यापासून अडवणं काही ठिकाणी, काही लोकांच्या बाबतीत, बेकायदा आहे. आणि दाखवलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कम कापणं जवळपास सगळीकडे चूक आहे. तक्रार या तिघांपैकी कशाची, हे न ठरवता मेल पाठवला की ‘दर मागणीनुसार बदलतात’ असं छापील उत्तर येतं आणि प्रकरण तिथेच मिटतं.

आधी मोजा

तुलना करताना सहा गोष्टी तंतोतंत सारख्या हव्यात: तारखा, खोलीचा नेमका प्रकार, माणसांची संख्या आणि मुलांची वयं, नाश्ता आहे की नाही, रद्द करण्याची अट, आणि चलन. यातलं एक जरी हललं तरी तुलना बाद. सर्वांत जास्त गफलत होते ती रद्द करण्याच्या अटीत. ‘पैसे परत नाहीत’ असा दर ‘आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल’ या दरापेक्षा सहज दहा-पंधरा टक्के स्वस्त असू शकतो आणि यादीत तोच वर दिसतो. मुलांची वयं भरली नाहीत तर काही साइट त्यांना प्रौढ धरतात.

हे जुळवलं की खाजगी विंडोत, लॉगिन न करता साइट उघडा. तिच्या कोपऱ्यात देश किंवा भाषा निवडायची सोय असते, तिथून देश बदला आणि चलन मात्र दोन्ही वेळा एकच ठेवा, शक्यतो हॉटेल ज्या देशात आहे त्याचं. मग लॉगिन करून बघा, मग मोबाइल ॲपवर बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. बुकिंग डॉट कॉमसारख्या साइट हॉटेलवाल्यांना देशनिहाय दर, मोबाइलवरचा दर आणि सदस्यांचा दर असे वेगवेगळे ठेवायची सोय देतात. सवलत हॉटेलवाला स्वतः चालू-बंद करतो. त्यामुळे पुष्कळदा भांडायचं ते साइटशी नसून हॉटेलशी असतं.

प्रत्येक पायरीला स्क्रीनशॉट घ्या: शोधाचं पान, खोलीचं अटींसह पान, पैसे भरण्याआधीचं शेवटचं पान. त्यात पत्त्याची पट्टी, निवडलेला देश, चलन आणि वेळ दिसली पाहिजे. अटींचं पान पीडीएफ करून ठेवा, ते नंतर बदलतं. पैसे भरल्यावर गोळा केलेल्या पुराव्याला फारशी किंमत नाही, कारण तोवर दर खरोखरच बदललेला असू शकतो.

विमानाच्या तिकिटात एक सापळा वेगळा आहे. ‘दोनदा शोधलं म्हणून भाव वाढला’ असं सर्रास म्हटलं जातं; बहुतेक वेळा कारण साधं असतं. प्रत्येक विमानात भाड्याचे अनेक टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात मोजक्या जागा. स्वस्त टप्प्यात तीन जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार जणांसाठी शोधलं, तर चौघांनाही वरच्या टप्प्याचा दर लागतो. आधी एका माणसासाठी शोधून बघा. फरक दिसला तर तीन आणि एक अशी दोन तिकिटं काढा. तोटा इतकाच की विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर दोन्ही बुकिंगचा पाठपुरावा वेगळा करावा लागतो. लहान मुलांना वेगळ्या बुकिंगवर एकटं टाकू नका.

रुपयात दाखवलेला भाव

पुष्कळ ‘भारतासाठी महाग’ तक्रारींचं मूळ इथे असतं. समजा खोलीचे ६०० युरो आहेत आणि हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये. तुम्ही युरोत पैसे भरले, कार्डाचा परकीय चलनावरचा आकार (शुल्क) ३.५ टक्के असेल, तर ६०,००० वर २,१०० रुपये लागतात आणि त्या २,१०० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३७८. एकूण ६२,४७८ रुपये. आकार म्हणून ४.१३ टक्के.

आता पैसे भरायच्या पानावर साइटने ‘रुपयांत भरा’ असा पर्याय पुढे केला, आणि त्यात पाच टक्के जास्तीचा विनिमय दर लावला, तर बिल ६३,००० चं होतं. पण तेवढ्यावर भागत नाही. व्यापारी परदेशातला असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही बऱ्याच बँका वेगळा आकार लावतात, साधारण एक टक्का आणि त्यावर जीएसटी. म्हणजे रुपयाचा आकडा ओळखीचा वाटला म्हणून निवडला आणि दोनदा कात्री लागली. नियम सोपा: हॉटेलच्या देशाचं चलन निवडा. पानावर आधीच खूण केलेली असेल तर ती काढा. परदेशात काउंटरवर कार्ड घासताना मशीन ‘रुपये की युरो’ विचारतं, तिथेही उत्तर युरोच. ज्या कार्डाला चलनाचा आकार शून्य किंवा दोन टक्क्यांपर्यंत आहे असं एक कार्ड अशा खर्चासाठी बाजूला ठेवणं, देश बदलून दर शोधत बसण्यापेक्षा जास्त पैसे वाचवतं.

भारतीय कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते आधी बँकेच्या ॲपमध्ये तपासा. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर ही सोय बंदच येते. मर्यादाही तिथेच ठरवता येते. परदेशी व्यापाऱ्याने ओटीपी विचारलाच पाहिजे असं नाही, म्हणून बुकिंग झालं की सोय पुन्हा बंद करा. मात्र हॉटेल नंतर पैसे कापणार असेल तर त्या तारखेला ती चालू ठेवावी लागते. नाहीतर कार्ड नाकारलं जातं आणि बुकिंग रद्द झाल्याचा मेल येतो.

भारतीय साइटवरच्या परदेशी टूर पॅकेजशी तुलना करताना टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) वेगळा काढून बघा. तो विक्रेता तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरतो आणि तुमच्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरताना वजा होतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे. पैसे काही महिने अडकतात खरे, पण तो खर्च नव्हे.

कर, शुल्क आणि ‘तिथे भरायचे पैसे’

ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून पर्यटक कर खोलीच्या दराच्या १२.५ टक्के आहे. पॅरिसमध्ये तो माणशी, रात्रीमागे आणि हॉटेलच्या दर्जानुसार लागतो. एक साइट तो बेरजेत धरते, दुसरी बारीक अक्षरांत ‘हॉटेलवर देय’ लिहिते, आणि वरवर पाहता दुसरी स्वस्त दिसते. अमेरिकेत ‘रिसॉर्ट फी’ नावाने हाच खेळ वर्षानुवर्षं चालला. १२ मे २०२५ पासून तिथल्या व्यापार आयोगाच्या नियमाने मुक्कामाच्या जाहिरातीत सक्तीच्या शुल्कांसह एकूण रक्कम दाखवावी लागते. सरकारी कर मात्र अजूनही नंतर जोडले जाऊ शकतात.

भाड्याच्या गाडीत फरक सर्वांत मोठा दिसतो आणि तिथे तो सर्वांत जास्त समर्थनीयही असतो. साइट ‘तुम्ही कुठल्या देशात राहता’ विचारते, कारण त्यावर विमा ठरतो. अमेरिकेत गाडी घेणाऱ्या अमेरिकन माणसाकडे बहुधा स्वतःचा विमा असतो, म्हणून त्याच्या दरात तो नसतो. बाहेरून येणाऱ्याला दाखवलेल्या दरात गाडीच्या नुकसानीचं आणि तिसऱ्या पक्षाचं संरक्षण पुष्कळदा धरलेलं असतं. स्वस्त दिसतं म्हणून देश खोटा भरला, तर काउंटरवर परवाना आणि पासपोर्ट बघून दर बदलतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे विम्याविना गाडी हातात येते. इथे देश खरा भरा आणि दर नव्हे, तर ‘काय समाविष्ट’ ही यादी ताडून बघा. सुरक्षा अनामत क्रेडिट कार्डावरच ठेवा. डेबिट कार्डावर तेवढी रक्कम खात्यातून अडकून पडते.

स्थानिकांचा दर

काही दर जाहीरपणेच दोन असतात आणि त्यावर भांडून उपयोग नाही. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला शाश्वत विकास शुल्क रात्रीमागे १,२०० रुपये आहे, इतर बहुतेक देशांच्या पर्यटकांना १०० डॉलर. जपानच्या हिमेजी किल्ल्यात मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या प्रौढांना २,५०० येन, हिमेजीच्या रहिवाशांना १,०००. आपल्याकडे ताजमहालाचं तिकीट भारतीयांना ५० आणि परदेशी पर्यटकांना १,१०० रुपये. मुख्य कबरीसाठीचे २०० दोघांनाही वेगळे. तेव्हा परदेशात असा फलक दिसला की चिडण्याआधी आग्र्याची खिडकी आठवायला हरकत नाही.

याच्या पोटात अमेरिका-युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कामाची एक गोष्ट आहे. मार्च २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना) देशांतर्गत विमानभाडं, राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, स्मारकं आणि संग्रहालयं यांत भारतीय नागरिकांचाच दर लागतो. ऑनलाइन अर्जात ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात अमेरिका भरलं की साइट आपोआप परदेशी दर लावते. ओसीआयचा पर्याय वेगळा असेल तर तो निवडा आणि मूळ कार्ड सोबत बाळगा. फाटकावर फोटोवर भागेल असं धरू नका.

उलट बाजूने, ‘फक्त रहिवाशांसाठी’ असा दर दुबई किंवा फ्लोरिडात दिसला आणि साइटने तो तुम्हाला विकलाही, तरी पोचल्यावर एमिरेट्स आयडी किंवा तिथला पुरावा मागतात. नसेल तर फरक भरा किंवा परत जा. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशातून साइट उघडतोय असं भासवणारी सोय) लावून दुसऱ्या देशाचा दर मिळवण्याचंही तसंच आहे. तुलना करायला व्हीपीएन वापरा, त्यात काही बिघडत नाही. पण पत्ता खोटा भरला, कार्ड भारतातलं निघालं, तर व्यवहार अडतो किंवा बुकिंग नंतर रद्द होतं. आणि पुढे वाद झाला की तुमचीच खोटी माहिती तुमच्या विरुद्ध पुरावा होते.

कोणाचा हक्क किती

युरोपीय संघाचा जिओ-ब्लॉकिंग नियम, २०१८/३०२, हा ३ डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. हॉटेल, पार्कचं तिकीट, गाडी भाड्याने घेणं अशा जागेवर मिळणाऱ्या सेवा त्यात येतात. साइट तुम्हाला संमतीशिवाय दुसऱ्या देशाच्या पानावर ढकलू शकत नाही, आणि फ्रेंच पानावरचा दर डब्लिनमधल्या माणसाला नाकारू शकत नाही. युरोपातल्याच दुसऱ्या देशाचं कार्ड आहे म्हणून नाकारणंही चालत नाही. दोन पानांवर दोन दर ठेवायला मात्र मुभा आहे. इथेच घोडं पेंड खातं: हा हक्क सदस्य देशाच्या नागरिकाला किंवा रहिवाशाला आहे. म्युनिकमध्ये नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टचा सांगलीकर त्यात बसतो. सांगलीहून बुक करणारा त्याचा भाऊ बसत नाही. ब्रिटनमध्ये हा नियम २०२१ पासून लागू नाही.

प्रवासी वाहतूक या नियमातून वगळलेली आहे, पण विमानासाठी वेगळा कायदा आहे, १००८/२००८. त्याच्या २३ व्या कलमानुसार युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांचं सर्वांसाठी खुलं भाडं ग्राहकाचं राष्ट्रीयत्व किंवा राहण्याचं ठिकाण बघून नाकारता येत नाही. कर आणि अटळ शुल्कांसह अंतिम भाडं सुरुवातीपासून दाखवावं लागतं आणि जादा सेवांवर आधीच खूण करून ठेवता येत नाही.

‘चौदा दिवसांत काहीही परत करता येतं’ हा गैरसमज युरोपात राहणाऱ्यांमध्येही आहे. ठरावीक तारखेची हॉटेलं, गाड्या, प्रवास आणि करमणुकीची तिकिटं त्यातून वगळलेली आहेत.

भारतात राहणाऱ्याला २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांचा आधार आहे. भारतात नोंदणी नसलेली, पण इथल्या ग्राहकांना नियमितपणे सेवा विकणारी साइटही त्यात येते. रुपयांत दर आणि भारतासाठी वेगळं पान ही त्याची दाखवण्याजोगी खूण. साइटला तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. ‘एकाच वर्गातल्या’ ग्राहकांत भेदभाव करायला मनाई आहे, पण भारतीय आणि फ्रेंच ग्राहक हे एकाच वर्गातले, असं पटवणं अवघड. म्हणून निव्वळ देशनिहाय दरावर खटला उभा करू नका. न सांगता जोडलेली शुल्कं, टोपलीत आपोआप टाकलेला विमा, ‘एकच खोली उरली’ची खोटी घाई, यांवर उभा करा, नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला चकवणाऱ्या पानांच्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत या तिन्हींची नावं घेतलेली आहेत.

तक्रारीचा क्रम

सर्वांत लवकर फळणारा रस्ता कायद्याचा नव्हेच. मोठ्या साखळी हॉटेलांची ‘सर्वांत कमी दराची हमी’ असते. त्यांच्या स्वतःच्या साइटवर बुकिंग करा, दुसरीकडे कमी दर दिसला तर बहुधा २४ तासांच्या आत त्यांच्या अर्जावर दुवा आणि स्क्रीनशॉट द्या. तपासणारा माणूस तो दर स्वतः उघडून बघतो. म्हणून लॉगिन लागणारा, सदस्यांचा किंवा रहिवाशांचा दर चालत नाही. अट किंवा चलन वेगळं असलं तरी अर्ज नाकारतात.

ते नसेल तर साइटला लेखी कळवा, चॅटवर नको. पहिल्या ओळीत बुकिंग क्रमांक, मग दाखवलेली रक्कम आणि तिचा स्क्रीनशॉट, मग कापलेली रक्कम, मग नेमका नियम, आणि शेवटी किती पैसे, कुठल्या चलनात, किती तारखेपर्यंत परत हवेत. युरोपातल्या रहिवाशाने उत्तर न आल्यास आपल्या देशातल्या युरोपीय ग्राहक केंद्राकडे जावं. दुसऱ्या देशातल्या विक्रेत्याशी ते विनामूल्य बोलणी करतं. जुन्या लेखांत युरोपीय आयोगाच्या ऑनलाइन तंटा मंचाचा पत्ता दिसेल, तो २० जुलै २०२५ ला बंद झाला आहे. भारतात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, नंतर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते.

बँकेकडे चार्जबॅक (कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत) मागताना शब्द जपून वापरा. ‘दुसऱ्याला स्वस्त मिळालं’ हे कारण म्हणून चालत नाही. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम कापली, सेवा मिळाली नाही, रद्द करूनही परतावा आला नाही, ही कारणं चालतात. मुदत सहसा १२० दिवसांची असते, पण कार्डाचं विवरण हातात आल्याबरोबर बँकेकडे जा. ब्रिटनमधल्यांना क्रेडिट कार्डावर आणखी एक आधार आहे: १९७४ च्या ग्राहक पत कायद्याचं ७५ वं कलम. एका वस्तूची किंवा सेवेची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल, तर कराराच्या भंगाला बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार. मधल्या एजंटामार्फत बुकिंग केलं असेल तर मात्र हे कलम लागू होईलच असं नाही, कारण कार्डाचे पैसे थेट सेवा देणाऱ्याला गेलेले नसतात.

परतावा मिळाला तरी रुपयांचा आकडा जुळेलच असं नाही. ६०० युरो परत येतात ते परताव्याच्या दिवशीच्या दराने, आणि चलनाचा आकार बँक बहुधा परत करत नाही. विक्रेत्याने युरोंत पूर्ण रक्कम दिली असेल तर ही तूट त्याच्याकडे मागू नका. चूक त्याची असल्याचं त्याने लेखी कबूल केलेलं असेल, तेव्हाच ती रक्कम वेगळी लिहून मागा आणि सोबत बँकेच्या विवरणातल्या दोन्ही नोंदी जोडा.